उतारावरची गाडी

नल्लकुंट्यातल्या घरासमोरच्या उतारावर नामदेवरावांची जुनी गाडी उभी असते. ती सरळ उभी राहावी म्हणून ते आठवडाभर फळ्या ठोकून उताराकडच्या चाकांखाली रॅम्प बनवत होते. गाडी चढवायची, डॅशबोर्डवर पाण्याची वाटी ठेवायची, पाणी कललं की पुन्हा रंधा.

शेजारच्या किशोरला राहवेना. "काका, उभ्या गाडीला लेव्हल कशाला?"

"काकूला विचार."

सुशीलाबाई लोणच्याची बरणी घेऊन आल्या होत्या. ती मागच्या सीटवर ठेवत म्हणाल्या, "गच्चीवर माकडं येतात, म्हणून ऊन इथं देते. पण गाडी कलती असली की तेल एका बाजूला जातं. फोडी उघड्या पडून बुरशी येते."

किशोर हळूच म्हणाला, "पण काकू, बरणीखाली पुठ्ठ्याची घडी घातली असती तरी भागलं असतं."

"हौ, ठाऊक आहे मला." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ते शीळ घालत फळी तासत होते. "रिटायर झाल्यापासून भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. तू काही बोलू नको. उद्या मी सांगणार आहे, गाडी आता दुसरीकडं कललीय म्हणून."