पिवळा लगदा

प्रयोगशाळेतल्या बशीत हिरव्या आणि लाल प्रकाशाने चमकणाऱ्या पेशी शेजारी शेजारी वाढवायच्या, हे माझं काम. हिरव्यांवर विषाणूच्या काट्याचं प्रथिन असतं. ते लाल पेशींना चिकटतं, दोघींचे पडदे एक होतात आणि आतलं सगळं मिसळून पिवळा लगदा होतो. बघूनच शिसारी येते.

त्याहून शिसारी येते ती काचेपलीकडे बसणाऱ्या सहकारी दादांच्या खाकरण्याची.

आज सकाळी बशी सांडली. आम्ही दोघांनी मिळून लगदा पुसला.

"हातमोजा फाटलाय गं तुझा," दादा म्हणाले.

"तुमचाही."

दुपारी ते पुन्हा खाकरायला लागले.

"अहो, बेसिनवर जा ना!" मी काचेवर हात आपटला.

"दोनदा जाऊन आलो. घशातून सुटतंय, पण तोंडात काही येतच नाही."

त्यांनी पुन्हा जोर लावला.

कोमट, खारट बेडका माझ्या जिभेवर आला.