अंगावर जाणारा

फिनलंडमधल्या कुओपिओ शहराच्या आइस हॉकी संघातला नवखा एतू समोरच्याला धक्काही न लावता चकती काढून घ्यायचा.

"कसब पुरे. उद्याच्या सामन्याला मला अंगावर जाणारा बचावपटू हवाय," कोच म्हणाले. "यार्को, शिकव याला."

संघातला सर्वांत जुना बचावपटू यार्को चकती घेऊन पुढे आला. "हाण!"

एतूने चकती अलगद काढून घेतली.

"मी काय तुझी आजी आहे, एवढं जपायला? हाण म्हणतो ना!"

एतूची कानशिलं तापली. पुढच्या खेपेला त्याने खांद्याने अशी धडक दिली, की यार्को कठड्यावर आदळून खाली कोसळला.

"शाब्बास! उद्या तू खेळतोस," कोच ओरडले.

यार्कोला उठवायला वाकलेल्या एतूने विचारलं, "कोणाच्या जागी?"

कोच हातातल्या यादीकडे वळले.

"माझ्या," खांदा धरून यार्को म्हणाला. "सकाळीच सांगितलंय त्यांनी मला."