पहिली छपाई

"अंकावर छापलेला महिना कधी मानायचा नाही. महिना आपण छापतो, अंक निघतो तेव्हा निघतो. वाचनालयात अंक आल्या तारखेचा शिक्का मारतात, तो बघायचा. शिक्क्याला कुणाची भीड नसते."

बाबांचं हे सांगणं लहानपणीच तिच्या कानात बसलं होतं. बाबा एका मासिकाचे संपादक. आता थकले होते, दिवसभर खिडकीशी बसून असत. ती जुन्या गाजलेल्या भयकथांचा संग्रह करत होती, आणि प्रत्येक कथेखाली पहिल्या छपाईची खरी तारीख द्यायची, असा तिनं नेम धरला होता. एक कथा तीन नावांनी पाच ठिकाणी हिंडून आलेली निघाली. एकीचा शेवटच मधल्या छपाईत गळला होता. सगळ्यांचा माग लागला. राहिली फक्त 'टाकी'.

ती बाबांच्याच मासिकात आलेली. लिहिणारे बाबांचे जिवलग मित्र, भूतकाका.

"तिला कशाला हात घालतेस?" बाबा म्हणाले होते. "तो अंक उशिरा निघाला होता. आपला अंक वेळेवर निघता तर सूर्य पश्चिमेला उगवला असता!"

घरच्या प्रतीवर शिक्का कुठून असणार?

प्रश्न नुसत्या तारखेचा नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी बाबांच्या मासिकाच्या छापखान्यात प्रुफं वाचणारी एक मुलगी नाहीशी झाली. पुढे मागच्या अंगणातली बंद टाकी उपसली, तेव्हा सापडली. झाकणावर पायरीचा दगड. मिटलेल्या मुठीत शर्टाचं बटण. कथेतही हुबेहूब तेच. कथा आधी की प्रेत आधी? वर्गणीदार मोजके, तेही परगावचे. कुणाला धड आठवेना. बाबांनी पोलिसांना सांगितलं, अंक नंतर निघाला, यानं वर्तमानपत्रातून उचललं. त्या शब्दावर भूतकाका सुटले. लोकांच्या तोंडातून मात्र सुटले नाहीत.

त्या मुलीची थोरली बहीण शिवणकाम करी. ब्लाउजाचं माप घेता घेता एकदा ती म्हणाली होती, "ताई, फाशीबिशी नको मला आता. डोळे मिटायच्या आत नाव तेवढं कळू दे. तारीख लागली तर येऊन सांगाल?"

"सांगेन, मावशी."

"नाव कुणाचंही निघालं तरी?"

"कुणाचंही निघालं तरी. वचन."

शेवटी लांबच्या एका वाचनालयात तो अंक सापडला. जांभळा शिक्का लख्ख उमटलेला. नेमका तोच एक अंक वेळेवर निघाला होता. प्रेत सापडण्याच्या चांगले तीन आठवडे आधी.

म्हणजे भूतकाकाच. ज्यांच्या मांडीवर बसून ती भुतांच्या गोष्टी ऐकत वाढली, ते! पण माणसाला न विचारता सुळावर चढवायचं नाही, म्हणून ती आधी त्यांच्याकडेच गेली.

"ये गं बाई," दार उघडत काकू म्हणाल्या. "भुतं घरी ठेवून आलीस ना? इथे एक आहे तेवढं पुरे."

भूतकाका हसले. ती हसली नाही. काकू चहा टाकायला आत गेल्यावर तिनं खालच्या आवाजात शिक्क्याचं सांगितलं.

त्यांनी आधी एवढंच विचारलं:

"शिक्का पुसट नाही ना?"

"नाही, काका."

"मी तेव्हा तापानं अंथरुणात होतो. माझ्या हातात अंक पडला, तोवर मुलगी सापडली होती. तुझ्या बाबांनीच आणून दिला. मला वाटलं, आत्ताच निघाला."

"काका, तारखेचं सोडा. दगड आणि बटण कथेत आलं कुठून?"

"वाच बघू ते."

तिनं वाचलं. जेमतेम आठ ओळी. ऐकताना त्यांची मान खाली गेली.

"याच ओळींनी माझं नाव झालं. लोक पाठ म्हणून दाखवायचे. मग कोणत्या तोंडानं सांगू, की या माझ्या नाहीत? माझी कथा टाकीचं झाकण लागतं तिथेच संपत होती."

"मग?"

"शेवटचं पान भरायला मजकूर कमी पडला होता. कमी पडला की तुझे बाबा स्वतःच्या ओळी घालून भरायचे, सगळ्यांच्याच कथांत. मला म्हणाले, पेपरात आलं तेच घातलं. मी चाळीस वर्षं तेच धरून चाललो, पोरी. तेव्हा पेपरात काही आलंच नव्हतं, हे तू आज सांगतेयस."

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. ती उठलेली होती.

"अगं, दोन घोट तरी घे. मग जा घरी."

"नको, काकू."

गल्लीच्या तोंडाशी उजव्या हाताला घराचा रस्ता होता. बाबा खिडकीशी तिची वाट बघत असतील. ती डावीकडे वळली, शिवणयंत्राचा आवाज येत होता त्या बाजूला.