भाच्याचं मागणं

"अरे, हा तर माझा भाचा निघाला!" ऐबारनं माइकवरूनच जाहीर केलं. "याची आई आमच्या नायमान कुळातली. म्हणजे मी याचा मामा. आता तुम्हीच सांगा, भाच्यानं मामाविरुद्ध निवडणुकीला उभं राहायचं असतं? बाळ झांदोस, खाली बस बरं!"

अल्माटीतल्या त्या विद्यापीठाचं सभागृह खदाखदा हसलं. झांदोसचे कान लाल झाले. दोघंही एकाच वर्गात, एकाच वयाचे. पण आपल्या कझाकांत आईच्या कुळातलं तान्हं पोरसुद्धा मामाच. त्याला इलाज नाही.

झांदोस होस्टेलचा उमेदवार. बर्फ पडायला लागलं होतं, सगळ्या शहराच्या घरांत गरम पाण्याचे पाइप तापले होते आणि होस्टेलचे पाइप मात्र दर वर्षीसारखे थंडगार. कुलगुरूंचं कार्यालय महिनाभर एकच सांगत होतं, सुटे भाग येतायत. पोरं कोट घालून झोपत होती. विद्यार्थी संघाच्या अध्यक्षाला कुलगुरूंच्या बैठकीत खुर्ची मिळते. त्या खुर्चीत बसून टेबलावर मूठ आपटायची, एवढ्यासाठी झांदोस तीन वर्षं धडपडत होता. ऐबारला थंडीशी काय देणंघेणं? त्याच्या घरी जमीनसुद्धा खालून तापते. त्याचा प्रचार म्हणजे गाण्यांचा जलसा आणि आईनं तळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या, बाऊरसाकच्या टोपल्या.

झांदोसची घोषणा होती, 'कूळ विचारू नका, काम विचारा.' आणि ऐन सभेत कूळच आडवं आलं की हो!

तेवढ्यात मागच्या रांगेतून गौहर उठली. झांदोसचा सगळा प्रचार तीच सांभाळायची, आणि तोंडाला फटकळ.

"मामा म्हणवून घेतलंस ना, ऐबार? मग आता भाचा मागेल ते मुकाट्यानं द्यायचं!"

सभागृह दणाणलं. भाचा दारात येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले, असं आपल्या म्हाताऱ्या उगाच म्हणत नाहीत. भाच्याचं मागणं मामाला मोडता येत नाही. मोडलं तर मामा कसला? शहाण्या ऐबारला रिवाजाचा अर्धाच भाग आठवला होता. आता त्याचा चेहरा पडला.

"नाव मागे घ्यायला लाव!" होस्टेलची पोरं ओरडायला लागली. "माग, झांदोस, माग!"

झांदोसनं माइककडे पाहिलं. खुर्ची हाताशी आली होती. पण ती कुळाच्या नावावर मागायची? मग ती घोषणा काय भिंती रंगवायला केली होती? आणि नाही मागितलं तर परत त्या बर्फाळ खोल्या.

शेवटी त्यानं माइक ओढला. आवाज अगदी गरीब गायीचा.

"मामा, मतं मला नकोत, ती ज्यानं त्यानं द्यावीत. मला फक्त तुमची खोली द्या. होस्टेलचे पाइप तापेपर्यंत मी तुमच्या घरी झोपतो. तुम्ही माझ्या खाटेवर झोपा."

"एवढंच?" ऐबारचा जीव भांड्यात पडला. "घे रे बाबा, घे! गादीसकट घे!"

टाळ्या पडल्या. मामाचं मन मोठं, असं लोक म्हणाले. गौहरनं मात्र कपाळावर हात मारला. "खुळ्या, देवानं ताटात राज्य वाढलं आणि तू उशी मागितलीस!"

त्याच संध्याकाळी ऐबार चाकांची बॅग ओढत होस्टेलवर आला. सकाळी तो मेंढीच्या कातड्याची टोपी, दोन कोट आणि कुणाचा तरी लोकरी गमछा घालून वर्गात बसला. कुणी हसलं, तर दात इतके वाजत होते की शिवीही धड देता येईना. तिकडे ऐबारच्या आईला पोरगा गेल्याचं काहीच वाटलं नव्हतं. "माझं भाचरं आलं गं बाई!" म्हणत तिनं झांदोसच्या ताटात घोड्याच्या मांसाचं काझी इतकं वाढलं की त्याला उठवेना.

मतदानाच्या आदल्या दिवशी झांदोस बाऊरसाकची पिशवी घेऊन होस्टेलच्या खोल्याखोल्यांतून फिरला. आत काय बोलला, कुणी सांगेना. गौहर आधी त्याच्याशी कडाकडा भांडली आणि मग पोट धरून हसली.

निकाल लागला. ऐबार प्रचंड मतांनी निवडून आला. होस्टेलच्या पेटीतूनसुद्धा जवळजवळ सगळी मतं त्यालाच. फळ्यावरचे आकडे झांदोसनं दोनदा वाचले. तीन वर्षांची धडपड होती ती. मग तो हात मिळवायला पुढे झाला.

नवे अध्यक्ष शिंकत होते. नाक टोमॅटोसारखं लाल.

"काय रे हे?" ऐबार घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुझीच माणसं उलटली तुझ्यावर? होस्टेलनं मला मत का दिलं?"

"मीच सांगितलं त्यांना, मामा," झांदोस म्हणाला. "मी निवडून आलो असतो, तर अध्यक्ष तुमच्या उबदार घरात झोपला असता."