शेवटचा घास

पैज लिफ्टमध्ये लागली. समोरच्या फ्लॅटमधल्या मोनावहिनी म्हणाल्या, "जेवण संपेपर्यंत नीलांबरी तुमच्याशी एक शब्दही बोलणार नाही. हरलात तर सगळ्यांसमोर उखाणा घेऊन तिला घास भरवायचा."

उखाणा मी लग्नातसुद्धा टाळला होता. पण हरणार कोण? आई सहा महिन्यांसाठी अमेरिकेत येतेय, अशी थाप मारल्यापासून बायकोने अबोला धरला होता, मान्य. तरी आज तिचा चाळिसावा वाढदिवस होता यार!

जर्सी सिटीतल्या इथिओपियन हॉटेलात आम्ही दोघं आणि मोनावहिनी नवऱ्यासह, अशी दोन्ही जोडपी एकाच मोठ्या ताटाभोवती बसलो. "ही इंजेरा म्हणजे आपली आंबोलीच ना गं?" गप्प. तिच्या पुढ्यातली भाजी पळवली. गप्प. शेवटी चक्क सॉरी म्हटलं. ढिम्म! आणि वेट्रेसशी मात्र दिलखुलास गप्पा. डोकं आपटावंसं वाटलं.

ताटात एकच घास उरला. तो उचलून मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"मसूरडाळ नि इंजेरा, तिखट लागली फार,
नीलांबरीपुढे आज मी मानली हार!"

आणि घास तिच्या तोंडात दिला. "आमच्या इथिओपियातही असंच भरवतात," म्हणत वेट्रेसने टाळ्या सुरू केल्या. सगळं हॉटेल वाजवायला लागलं. माझे कान लाल.

बायकोने घास सावकाश चावून खाल्ला आणि मोनावहिनींकडे वळली.

"थँक्स गं मोना. मागितलं होतं तेच गिफ्ट दिलंस."