अनोळखी पाऊल

"चाल बदललीत तर गुडघा वाचेल," असं फिजिओथेरपिस्टने सांगितल्यापासून काकू चवडे जरासे आत वळवून चालायला शिकत होत्या. "आता रांगायलाही शिकवतील!" म्हणून बहीण हसायची. दुखणं कमी झालं होतं, पण चाल खरंच बदलली की सगळे मनाचे खेळ, हे काकूंना कळेना.

आज त्या बाजारातून आल्या, तेव्हा काका पियानोचे सूर जुळवत बसले होते. काका जन्मांध, पण पावलांवरून माणूस ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. त्यांनी मान वर केली.

"या, बसा. आमची मंडळी बाजारात गेलीय, येईलच एवढ्यात."

काकू दारापर्यंत मागे गेल्या आणि काकांना नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा त्याच नव्या चालीने ठसक्यात चालत आल्या.