इंझोरीच्या गाडीचा पांढरा धूर

बॉनेटवर हात ठेवताच संघपालनं तो मागं घेतला. गाडी कडूनिंबाच्या सावलीत उभी होती, तरी पत्रा चांगलाच तापलेला होता.

"आमी यायच्या आधी गाडी फिरवली का?" त्यानं विचारलं.

"नाई. कालपासून हातच नाई लावला," विकास म्हणाला. गाडी त्याला विकायची होती, अंगणही त्याचंच.

कालपासून उभी असलेली गाडी डिसेंबरच्या सकाळी अशी तापत नाही. गरम इंजिन चालू केलं की बरेच दोष लपतात, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. संघपालनं ग्यानबांकडे पाहिलं.

गाडी घ्यायची होती ग्यानबांना. पण ते गाडीकडे बघतच नव्हते. खुर्चीवर बसून संघपालकडे बघत होते.

हा माणूसही त्याला सकाळपासून खटकत होता. मेडशीच्या फाट्यावर संघपालचं गॅरेज सुरू होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. आज पहिल्या एसटीनं ग्यानबा तिथं उतरले आणि म्हणाले, इंझोरीला एक जुनी गाडी पाहायची आहे, चल. वाटेत वाशीम, मंगरूळपीर. तिथं मिस्त्री काय कमी होते? "तुयं नाव ऐकलं," एवढंच ते म्हणाले. कोणाकडून, ते नाही. विकणाऱ्याला आपण ओळखत नाही, त्याचं घरही कधी पाहिलं नाही, असं मात्र त्यांनी न विचारता दोनदा सांगितलं.

"इंजिन थंड होऊ द्या," संघपाल म्हणाला. "गरम रेडिएटरचं झाकण मी उघडत नाई. उकळतं पाणी तोंडावर येते."

"मंग तर दुपार होईन," विकास कुरकुरला.

"होऊ द्या."

पोतं अंथरून तो गाडीखाली शिरला. पाइप कोरडे, पाण्याचा पंप कोरडा. रेडिएटरच्या जाळीवर डाग नाही, जमिनीवर थेंब नाही.

खालून त्याला ग्यानबांचे पाय दिसले. ते उठले, घराला वळसा घालून सरळ मागं गेले आणि तिकडून नळाचं पाणी पडल्याचा आवाज आला. नळ कुठं आहे, हे त्यांनी कोणालाही विचारलं नाही.

संघपाल तसाच पडून राहिला. म्हणजे हे दोघं ओळखीचे. मग अनोळखी असल्यागत कायले वागून राह्यले?

बारा वाजता त्यानं झाकण उघडलं. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, बाजूची डबी काठोकाठ भरलेली, पण रेडिएटर निम्मा रिकामा. ऑइलच्या झाकणाच्या आतून दुधाळ चिकटा बसलेला. त्यानं रेडिएटर पाण्यानं भरला, झाकण उघडंच ठेवून गाडी चालू केली आणि आत डोकावून पाहिलं. पाण्यात बुडबुडे येत होते, थांबत नव्हते.

मागून पांढरा धूर निघाला. थंडीत असा धूर कुठल्याही गाडीला येतो आणि इंजिन तापलं की विरतो. पाव तास झाला तरी हा विरला नाही, उलट दाट झाला. संघपालनं त्याचा वास घेतला. गोडसर होता. कूलंट बाहेर गळत नव्हतं, इंजिनाच्या आत शिरून जळत होतं. कूलंटला इंजिनाच्या आत शिरू न देणारं हेड गॅस्केट गेलं होतं.

तो हात पुसत असताना विकास जवळ आला. ग्यानबा पुन्हा कुठंतरी मागं गेले होते.

"भाऊ, मालेगाव-अकोला रस्त्यावर माया मालाच्या पाच गाड्या चालतात," विकास हळूच म्हणाला. "रोज तुया दारावरून जातात. उद्यापासून सगळ्यायचं काम तुयाकडं. तू फक्त म्हन, थंडीचा धूर हाय."

संघपाल फडक्याकडे बघत राहिला. या आठवड्यात त्याच्या गॅरेजवर एकच गाडी आली होती, तीही हवा भरायला. आई रोज संध्याकाळी विचारायची, आज कोणी आलं का. पाच गाड्या म्हणजे आईला रोज सांगायला काहीतरी.

ग्यानबा परत येऊन खुर्चीवर बसले. संघपाल त्यांच्यासमोर उभा राहिला.

"काकाजी, ही गाडी घेऊ नका. हेड गॅस्केट गेलं हाय. अशीच चालवली तर एक दिवस रस्त्यातच इंजिन बसन."

"थंडीचा धूर असन."

"नाई. थंडीचा नाई."

ग्यानबांनी खुर्ची पुढं ओढली. "हे पाय, मले घ्यायचीच हाय. तू कायले आडवा येतं? चांगली हाय म्हन, अन् मोकळा हो."

आता संघपालला सगळं उमगलं. घेणाराच दोषाकडे डोळेझाक करतो, तेव्हा घेणारा भलताच कोणीतरी असतो.

"तुमी दोघं वळखीचे हा," तो म्हणाला. "मेडशीच्या मिस्त्रीनं पास केली म्हनून ही गाडी तिसऱ्याच कोणाच्या गळ्यात मारणार हा. माया नावावर हे होणार नाई. कोणी विचारलं तर मी खरंच सांगीन."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

संघपालनं पाने पिशवीत भरले आणि तो आपल्या मोटरसायकलकडे वळला. विकास आधीच तिच्यापुढं जाऊन उभा होता, हाताची घडी घालून.

"भाऊ, वाट सोडा."

विकास हलला नाही. मागं ग्यानबांनी फोन लावला होता. आता गावातले चार जण बोलावतात की काय, म्हणून संघपालनं पिशवीवरची मूठ घट्ट केली.

"हॅलो, पिंकी," ग्यानबा म्हणाले, "तुया मामानं पाच गाड्यायची लालूच दाखवली, मी बी दाबून पाह्यलं, पण पोरगं काही खोटं बोलाले तयार नाई, आता तू सांग बाई, त्याच्या मायले सोयरिकीले आपला होकार कळवू का?"